ज्यानं सोडलं त्याचं नाही

माझ्या दादाला लोक माघारी 'कलमवाला' म्हणायचे. नवख्याला वाटायचं, लेखणी चालवतो म्हणून असेल. तसं नव्हतं. उठता-बसता करार करायची आणि त्यात कलमं घालायची त्याला खोड होती. मी दहा वर्षांची असताना त्याची सायकल मागितली, तर त्यानं वहीचं पान फाडून माझी सही घेतली. कलम एक, आठवड्यातून दोनच दिवस. कलम दोन, चाक पंक्चर झाल्यास ढकलत आणणं वापरणारीकडे. दुसऱ्याच दिवशी मी ती अर्ध्या गावातून ढकलत आणली. आई त्याला रागावली, तर हा शांतपणे म्हणाला, "तिनं वाचून सही केलीय."

पुढे हेच त्याचं तत्त्वज्ञान झालं. माणूस हा स्वतःचा मालक. आपल्या देहाचा, कष्टाचा, घडवलेल्या वस्तूचा. सरकारनं चोर पकडावेत आणि बाकी गप्प बसावं. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीनं कागदावर जे लिहिलं, तोच त्यांच्यापुरता कायदा. दर बुधवारी वर्तमानपत्रात त्याचं सदर यायचं आणि शनिवारी संध्याकाळी त्याच्या बैठकीच्या खोलीत अभ्यासवर्ग भरायचा. वीसेक तरुण मंडळी सतरंजीवर दाटीवाटीनं बसून त्याचं ऐकायची. बोलायचा मात्र सुरेख. मला त्यातलं निम्मं पटायचं नाही, तरी दुकान लवकर बंद करून मी ऐकायला जायचे. माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे विचारण्यात माझा दिवस जातो.

वहिनी त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होती. दादाचा पहिला लेख तिनं सतरा लाल खुणा करून परत पाठवला. हा तावातावानं भांडायला गेला आणि तीन तासांनी हसत बाहेर आला. सहा महिन्यांत लग्न. तेव्हापासून त्याचं एकही वाक्य तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही. त्याचे विचार तिला सगळे पटत होते असं नाही, पण ते कुठल्या तारखेला कोणत्या शब्दांत मांडले होते, हे तिला तोंडपाठ होतं.

मूल होईना. सात-आठ वर्षं वाट पाहून दोघं उपचार केंद्रात गेली. चौथ्या मजल्यावर पांढऱ्या भिंतींची जागा, खुर्च्या एकमेकींना जोडून जमिनीला ठोकलेल्या, आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही असा तिथला अलिखित नियम. सात भ्रूण तयार झाले. एका वेळी एक गर्भाशयात सोडायचा आणि उरलेले द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायचे, असं ठरलं. सह्यांच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी होते. केंद्राच्या छापील कागदावर लिहिलं होतं की नवराबायको विभक्त झाल्यास भ्रूणांचं काय करायचं ते न्यायालय सांगेल. दादानं ती ओळ वाचली आणि तिथल्या तिथे आडवी रेघ मारली.

"न्यायालयाचा काय संबंध?" तो म्हणाला. "आम्ही घडवले, आम्ही ठरवू."

आठवडाभरानं तो स्वतःच्या हातानं लिहिलेली नऊ कलमं घेऊन आला. केंद्राच्या डॉक्टरांनी हसून ती जोडून घेतली, कारण या बाबतीत कायदा मुळात काही बोलतच नव्हता. नववं कलम असं होतं की दोघांनी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पुन्हा सही करायची, आणि जो सलग दोन वर्षं सही करणार नाही त्यानं आपला हक्क सोडला असं समजायचं. मग ते सगळे दुसऱ्याचे.

वहिनीनं विचारलं, "हे कशाला? आपण दोघंच तर आहोत."

"नीटस दिसतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे पेन सरकवत हसला. "ज्यानं घडवलं त्याचं, छोटी. ज्यानं सोडलं त्याचं नाही."

मी सही केली.

पहिला भ्रूण रुजला नाही. दुसराही नाही. तिसरा रुजला, नऊ आठवडे राहिला आणि गेला. नेमका त्याच आठवड्यात भ्रूणाला कायद्यानं माणूस मानावं असा एक प्रस्ताव चर्चेला आला होता आणि सगळीकडे तोच विषय होता. दादानं त्याविरुद्ध लिहिलं. लेख फार गाजला, पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे म्हणून लोक अजून सांगतात. त्यातलं एक वाक्य होतं: 'भ्रूण म्हणजे मूल नव्हे. ती एक शक्यता आहे, आणि शक्यता ही इतर कोणत्याही वस्तूसारखी तिच्या मालकाची असते.' रक्तस्राव अजून थांबला नव्हता. वहिनी रजेवर होती. तरी लेखाची प्रुफं घरी आली आणि तिनं ती पलंगावर बसून, गुडघ्यावर पाट ठेवून तपासली. मी शेजारी होते. तिनं एक वेलांटी दुरुस्त केली, एक स्वल्पविराम काढला आणि कागद घडी करून दादाला दिला. तो म्हणाला, "चुका फारच कमी निघाल्या." तिनं मान हलवली.

तो दुष्ट नव्हता. हे मी आज सांगते, तेव्हा सांगितलं नसतं. पलंगावरच्या बाईचा आणि कागदावरच्या वाक्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याला खरोखरच दिसलं नव्हतं.

दीड वर्षानं दादा घर सोडून गेला. अभ्यासवर्गात येणारी एक मुलगी होती, हुशार, त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. आरडाओरडा नाही, खोटंनाटं नाही. त्यानं वहिनीला टंकलिखित पत्र दिलं. लग्न हा दोन प्रौढांमधला करार असून कोणत्याही पक्षाला त्यातून बाहेर पडण्याची मुभा आहे, सबब तीस दिवसांची आगाऊ सूचना देण्यात येत आहे. खाली सही. घर तिच्याकडे ठेवलं, पुस्तकं सगळी नेली. त्या तीस दिवसांत तो रोज रात्री घरी जेवायला येत होता, कारण करार अजून चालू होता.

त्यानंतर चार महिन्यांत वहिनीचा त्रास वाढला आणि गर्भाशय काढावं लागलं. शस्त्रक्रियेच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती. मी दादाला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता त्याचा तसा काही अधिकार उरलेला नाही, आणि जबाबदारीही नाही. तू आहेस ना, तू कर. मी सही केली. शुद्धीवर येताना वहिनीनं डोळे न उघडता विचारलं, "आला होता?" मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून तिच्या आवाजातलं काहीतरी कायमचं बदललं. तिनं दादाचं नाव घेणं सोडलं. त्याचा उल्लेख करायची वेळ आली की ती 'लेखक' म्हणायची.

दादा घर सोडून गेल्यावर केंद्राचं वर्षाच्या सहीचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. दोन पाकिटं, एक तिच्या नावाचं, एक त्याच्या. तिनं आपलं फोडलं, सही केली आणि त्याचं न फोडता चमच्यांच्या खणात, चमच्यांच्या खाली ठेवलं.

"त्याला पाठवायचं नाही?" मी विचारलं.

"कलम सहा," ती म्हणाली. "पत्ता बदलल्याचं केंद्राला कळवणं ज्याचं त्यानं. त्याचंच अक्षर आहे, वन्सं. बघायचंय?"

वन्सं म्हणून ती मला नेहमी चिडवायची. त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं.

पुढच्या वर्षी दादाला कर्करोगाची गाठ निघाली. वेळेवर कळलं, उपचार सुरू झाले. दुसऱ्या फेरीनंतर तो माझ्या दुकानात आला. डोक्यावर टोपी, गालफडं बसलेली. डोळे तपासायच्या खुर्चीत बसला आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं उगाच वाचत राहिला. मग सांगितलं की उपचारानं आता मूल होण्याची शक्यता संपली. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, वीर्य साठवून ठेवायचं का म्हणून.

"मी म्हटलं, गरज नाही," तो म्हणाला. "माझे चार आहेत."

अभ्यासवर्गातली मुलगी आता त्याची बायको होती. तिला मूल हवं होतं, आणि त्या चारांपैकी एखादा आपल्या पोटात वाढवायला तिची काही हरकत नव्हती. बरं वाटलं की केंद्रात जाऊ, असं दोघांचं ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षाची मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस होते. मला ते माहीत होतं, कारण दुसरं पाकीटही चमच्यांच्या खाली गेलेलं मी पाहिलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की दादा, उद्याच्या उद्या जाऊन सही करून ये. मी त्याच्याकडे बघितलं. मला दवाखान्यातला फोन आठवला, त्याचा तो शांत आवाज. मी भिंग बदललं आणि विचारलं, "आता कसं दिसतंय?"

"स्पष्ट," तो म्हणाला.

मी बोलले नाही. त्या गप्प बसण्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट दोन दिवस बरी झोप लागली.

तीन महिन्यांनी तो केंद्रात गेला, तेव्हा तिथल्या बाईंनी फाईल काढून त्याच्याच अक्षरातलं नववं कलम त्याच्यापुढे ठेवलं. तिथून तो थेट वहिनीच्या घरी गेला. तिनं दार साखळी न काढता उघडलं, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "लेखी कळवा."

मग तो न्यायालयात गेला. आयुष्यभर ज्याच्या दारात पाय ठेवू नये म्हणून लिहीत आला, तिथेच. त्याला दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. पण त्याचे जुने विद्यार्थी ते बघायला म्हणून आले आणि मागच्या बाकांवर ओळीनं बसले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. नववं कलम केंद्रानं सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी साक्षीत म्हणावं अशी त्याची इच्छा होती. सरळ तसं म्हणाला नाही. इतकी वर्षं झाली, तुला नीट आठवत नसेल, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मला आठवतंय. तो उठून गेला.

त्याच्या वकिलानं चांगलं मांडलं. हे भ्रूण म्हणजे खुर्च्या-टेबलं नव्हेत. ते दोन माणसांच्या रक्ताचे आहेत, त्यांना वाढण्याची संधी मिळावी हे न्यायालयानं बघितलं पाहिजे, कारण कागदापेक्षा मोठ्याही काही गोष्टी असतात. दादा मान खाली घालून ऐकत होता. मग वहिनीच्या वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात वहिनीनं तारीखवार लावून दिलेली कात्रणं होती. एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, हे तुमचं का?

"'शक्यता ही इतर कोणत्याही वस्तूसारखी तिच्या मालकाची असते.' हे तुमचं?"

"हो."

"'सही करताना माणूस शहाणा असतो आणि निस्तरताना वेडा होतो, एवढ्यासाठी राज्यानं त्याच्या मदतीला धावू नये.' हे तुमचं?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दादा हो म्हणाला. अशी अकरा वाक्यं झाली. पाकिटांचा विषय निघाला तेव्हा वकीलबाईंनी सहावं कलम वाचलं. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. कलम त्याच्या अक्षरातलं, आणि सही घेताना ज्यानं सोडलं त्याचं नाही असं तो हसून म्हणाला होता. हे सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटी न्यायाधीशबाईंनी स्वतः वहिनीला प्रश्न विचारला. बाई वयस्क होत्या, थकलेल्या दिसत होत्या, आवाज मऊ होता.

"बाई, तुम्ही त्यांना काय मानता?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. दादा नेहमी 'चार भ्रूण' म्हणायचा. वहिनी नेहमी 'चौघं' म्हणायची. थंडी वाढली की म्हणायची, चौघं बरी असतील ना ग. टाकीत उणे एकशे शहाण्णव असतं, बाहेरच्या थंडीचा काय संबंध, असं मी म्हटलं की हसायची, पण पुढच्या थंडीत पुन्हा विचारायची. तिच्या तोंडून दुसरा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

वहिनी उभी राहिली. तिनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"वस्तू," ती म्हणाली. "चार वस्तू आहेत. माझ्या आहेत."

निकाल तीन आठवड्यांनी आला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की भ्रूण म्हणजे नेमकं काय, हे त्यांना स्वतःलाही ठामपणे सांगता येत नाही आणि कायद्यालाही सांगता आलेलं नाही. पण या दोघांमध्ये एक कागद आहे, आणि तो लिहिणारा माणूस त्याचा अर्थ इतर कुणाहीपेक्षा चांगला जाणत होता. सगळे हक्क वहिनीचे.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. वाटलं होतं, खूश असेल. ती ओट्यापाशी उभी राहून पातेलं घासत होती, आधीच लख्ख असलेलं. म्हणाली, "पुरेसं झालं नाही."

महिन्याभरानं दादा पुन्हा दुकानात आला. आता वकील नाही, युक्तिवाद नाही. बायको बोलेनाशी झाली होती. त्यानं मला विचारलं की वहिनी काय मागेल? ती म्हणेल ते. मी निरोप नेला. वहिनीनं फार विचार केला नाही. मला वाटतं, तिचा विचार कधीच करून झाला होता.

"लिहू दे," ती म्हणाली. "स्वतःच्या सदरात, स्वतःच्या नावानं. मी चुकलो म्हणून. भ्रूण वस्तू नाहीत, माणसं करारानं बांधता येत नाहीत आणि करारानं सोडताही येत नाहीत, हे लिहू दे. पलंगावर प्रुफं वाचणाऱ्या बाईबद्दल लिहू दे. मग देईन."

"लिहून देतेस तसं?" मी विचारलं. शेवटी मीही त्याचीच बहीण.

"नाही. त्याला म्हणावं, एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेव."

दादानं ते ऐकलं. मग म्हणाला, "ठीक आहे. असला लेख लिहायचा आणि वर कागद मागायचा, म्हणजे लेख खोटाच ठरला की."

पहिला मसुदा त्यानं माझ्या हाती पाठवला. वहिनीनं लाल पेन काढलं. मी इतकी वर्षं तिला काम करताना पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. 'कदाचित माझी भूमिका एकांगी होती' यातल्या 'कदाचित'वर काट. 'परिस्थितीमुळे' या शब्दावर काट. 'काही जण दुखावले गेले' या वाक्याखाली रेघ आणि समासात प्रश्न: कोण? नाव नको, नातं लिहा. दुसरा मसुदा आला, तोही लाल होऊन गेला. तिसऱ्यात तिला दुरुस्त करायला काही सापडेना. तो लेख मी दुकानात उभ्यानं वाचला. दवाखान्यातला फोन त्यात होता, तीस दिवसांचं पत्र होतं, दुरुस्त केलेली ती वेलांटीसुद्धा होती. त्यात शेवटी लिहिलं होतं की मी आयुष्यभर सहीला शब्दापेक्षा मोठं मानलं, कारण शब्दाला जागण्याची मला भीती वाटत होती. दादानं इतकं खरं कधी लिहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

बुधवारी लेख छापून आला. गुरुवारपासून त्याची साल निघायला लागली. ज्यांना त्यानं शिकवलं होतं, त्यांनीच त्याला शिकवलं. स्वार्थापायी तत्त्व विकलं म्हणाले. शनिवारी सतरंजी अंथरलेली राहिली, एकही जण आला नाही. संपादकानं दोन आठवडे वाट पाहून सदर बंद केलं.

त्यानंतर मी आणि दादा वहिनीकडे गेलो. दुपारची वेळ होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. दादानं केंद्राचा हस्तांतराचा अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि पेन काढलं. वहिनीनं चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. दुसऱ्या पानावर 'हस्तांतर'मधला अनुस्वार राहिला होता, तो दिला. मग अर्ज त्याच्याकडे परत सरकवला.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दादानं अर्जाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तू देईन म्हणाली होतीस."

"कुठे लिहिलंय?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. दादानं माझ्याकडे बघितलं. मी ते बघणं अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. मला हे आधी माहीत होतं का, एवढंच तो बघत होता. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं अर्जाची घडी केली, पेनाला टोपण लावलं, उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "लेखात लिहिलं ते मी तरीही मागे घेणार नाही." आणि जिना उतरून गेला.

तो गेल्यावर मी वहिनीला वाटेल ते बोलले. तू मला वापरलंस म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कागदाशिवाय कुणावर विसंबला आणि तू नेमकं तेव्हाच दार लावलंस. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मीही एकदा कागदाशिवाय विसंबले होते," ती म्हणाली. "पंधरा वर्षं."

"मग मिळालं का समाधान?"

खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. "त्याचा चेहरा बघताना मिळालं," ती म्हणाली. "आता नाही."

आम्ही चार-पाच महिने बोललो नाही. मग एक दिवस ती चष्म्याचा नंबर बदलायला आली. दुसरीकडे जाऊ शकली असती. मी तपासलं. भिंगं बसवता बसवता तिनं सांगितलं की ती केंद्रात जाऊन आली. भ्रूण दुसऱ्यांना देऊन टाकले. दोन जोडपी आहेत, कोण ते तिला सांगत नाहीत आणि तिचं नाव त्यांना सांगत नाहीत. सही झाली, फाईल बंद झाली.

मी विचारलं, का? ठेवले असतेस. किंवा दिले असतेस त्यालाच.

"ठेवले असते तर दरवर्षी सही करताना मला त्याची आठवण आली असती," ती म्हणाली. "आणि त्याला देणं मला जमलं नाही. मी प्रयत्न केला, खरंच. पेन हातात घेतलं की दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बघत पडले होते ती छतावरची ट्यूबलाइट दिसायची." मग म्हणाली, "त्याला सांग तू. आता रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघत बसू दे म्हणावं."

"आणि तू? तू नाही बघणार?"

नवा चष्मा लावून तिनं समोरच्या फळ्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचून दाखवली, एकही अक्षर न चुकता. मग म्हणाली, "सांगशील ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुझे निरोप नेणं मी सोडलं. तुला सांगायचं तर तू सांग."

ती सांगणार नाही, हे मला माहीत होतं. त्याच्याशी बोलणं म्हणजे तिच्या दृष्टीनं हरणं होतं. केंद्रही त्याला काही सांगणार नाही, कारण कागदोपत्री तो आता कुणीच नाही.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. दादाची तब्येत ठीक आहे. ती मुलगी त्याच्याजवळच राहिली, हे मला तिचं विशेष वाटतं. तो आता लिहीत नाही, एका छापखान्यात हिशेब बघतो. महिन्यातून एकदा दुकानात येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जाताना दाराला हात लावून हमखास विचारतो, "अजून आहेत ना ते टाकीत? कधी तिचं मन बदललं तर."

मी पुसता पुसता भिंग उजेडात धरते. पहिल्या वेळी मी ठरवून गप्प बसले होते, तो दवाखान्यात आला नाही म्हणून. आता का गप्प बसते, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. कुठेतरी दोन घरांत माझी भाचरं एव्हाना चालायला-बोलायला लागली असतील, किंवा नसतीलही. आणि वहिनीचा सूड माझ्याच जिभेवर अर्धा अडकून राहिला आहे.

"असतील," मी म्हणते.

तो मान डोलावतो आणि पायऱ्या उतरतो.